नवशाच्या खाचरातले बुडबुडे

गावात कुणाला दमा होता, कुणाला संधिवात. नवशाला अनंता होता.

अनंता म्हणजे त्याचा चुलतभाऊ. नवशापेक्षा सहा महिन्यांनी मोठा, आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर पुढे राहिलेला, असं नवशाचं म्हणणं. आता मत्सर करायला माणसाला कारण लागत नाही, शेजार पुरतो. यांचा शेजार तर असा, की भिवंडीहून वाड्याच्या रस्त्याला लागल्यावर ओढ्याच्या कडेला दोघांची भाताची खाचरं एकाखाली एक. वर अनंताचं, खाली नवशाचं, मध्ये एक बांध. आजोबांनी वाटणी केली तेव्हा कागदपत्राची भानगड नव्हती. त्यांनी एका मुठीत भाताचा दाणा धरला, दुसऱ्या मुठीत खडा, आणि लेकी-सुनांदेखत दोघा मुलांपुढे दोन्ही हात केले. नवशाच्या बापाने डावी मूठ मागितली. निघाला खडा. खड्याचं खाचर खालचं.

खालचं म्हणजे पाणथळ. पाऊस आधी अनंताच्या भातात पोटभर खेळणार आणि उरलेला बांधातल्या वाटेने नवशाकडे उतरणार. "अनंताचं उष्टं पाणी" असं नवशा त्याला म्हणायचा. बाप मात्र मरेपर्यंत एकच सांगत राहिला, "माती वाईट न्हाय, पोरा. जागा खालची हाय, येवढंच." नवशा मान हलवायचा आणि बांधापलीकडे बघायचा.

ब्याऐंशी साली अनंताने रेडिओ आणला. नवशाच्या घशाखाली घास उतरेना. त्याने काय करावं? दोन उन्हाळे भिवंडीत लूमवर ड्युटी केली, बारा बारा तासांची शिफ्ट, आणि अनंताच्या रेडिओपेक्षा वीतभर मोठा रेडिओ घेऊन आला. तोवर लूमच्या खडखडाटाने त्याचे कान निम्मे गेले होते, त्यामुळे रेडिओ मोठ्याने लावावा लागायचा. गाव म्हणालं, नवशाचा रेडिओ जोरात वाजतो. नवशा खूश झाला. कान गेल्याचं त्याला कधी फारसं वाटलं नाही.

पण शहाऐंशी साली अनंताच्या परसात गोबरगॅस आला, आणि तिथे नवशा हरला. त्या सरकारी योजनेला चार जनावरं दावणीला लागत. नवशाकडे एक म्हैस आणि एक बैल, तोही म्हातारा. अनंताच्या चुलीत निळी ज्योत पेटायची, फुंकणी नाही, धूर नाही. नवशाची बायको गुणाबाई एकदा ती ज्योत बघून आली आणि घरी येऊन काही बोलली नाही. ती बोलली असती तर नवशाला परवडलं असतं. तिचं ते गप्प बसून ओली लाकडं फुंकणं त्याच्या काळजाला डागण्या देत राहिलं, सतत पाच वर्षं.

आणि मग एक्याण्णवच्या श्रावणात जीप आली.

जीपमधून मोठ्या संस्थेच्या एक मॅडम उतरल्या, कलावती मॅडम. त्यांच्याबरोबर सोमा होता. सोमा जवळच्याच गावचा, बौद्धवाड्यातला. बाप शिक्षक, पोरगा विज्ञान शिकून त्या संस्थेत लॅब असिस्टंट झालेला. त्याने जीपमधून काचेसारखी आरपार दिसणारी एक पेटी काढली आणि ती नेऊन, देवाची पालखी ठेवावी तशी जपून, अनंताच्या खाचरात भाताच्या रोपांवर उपडी ठेवली. चिखलात पाय पडू नये म्हणून फळी टाकली. मग फळीवर उकिडवा बसून घड्याळात बघत तो पेटीतली हवा इंजेक्शनच्या सुईने ओढायचा आणि छोट्या बाटल्यांत भरायचा. दर आठवड्याला, सकाळी एकदा आणि दुपारी एकदा.

"अनंताच्या भाताला डाक्टर लागलं," असं गावात झालं. अनंताच्या ओटीवर मॅडमचा चहा, अनंताचं नाव सरकारी वहीत. अनंताच रस्त्याकडच्या बांधावर उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगणार, "आवाज नका करू, मोजणी चाललीय." हवेच्या मोजणीला आवाजाचं काय? पण माणूस एकदा मोठा झाला की झाला.

नवशाचं भात तेच, पाणी तेच, फक्त एक बांध खाली. त्याला काही विचारायचं नव्हतं. विचारणं म्हणजे हेवा कबूल करणं. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्याला राहवेना. ओढ्यावर सोमा हात धूत होता, तिथे तो बैल पाण्यावर आणल्यासारखा गेला. बैल घरीच होता, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही.

"काय मोजता रं त्याच्यात?"

"गॅस, काका. भातात पाणी साचतं ना, त्या चिखलात गॅस तयार होतो. मिथेन."

"कंचा गॅस?"

सोमा समजावणारा माणूस. त्याने सोप्यातलं सोपं उत्तर दिलं. "अनंताकाकांच्या गोबरगॅसात असतो ना, तोच."

झालं. नवशाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाच वर्षं गुणाबाई फुंकणी फुंकत होती आणि गॅस इथे खाचरात फुकट निघत होता! सरकार शोधतंय कुणाच्या शेतात जास्त गॅस आहे. ज्याच्या शेतात जास्त, त्याला योजना. म्हणजे अनंताच्या घरी दुसरा गॅस येणार. एकट्याला दोन ज्योती.

त्या दिवशी त्याने आपल्या खाचरात पाय घातला आणि चिखल तुडवला. बुड, बुड, बुड. पाण्यावर बुडबुडे आले. त्याने बांधावरून अनंताच्या खाचराकडे पाहिलं. तिथलं पाणी वाहून गेलं होतं, चिखल उघडा पडला होता, बुडबुड्याचं नाव नाही. नवशा आयुष्यात पहिल्यांदा खालच्या जागेवर खूश झाला.

मग त्याने जे केलं ते शहाण्या माणसाने केलं नसतं, पण हेवा माणसाला शहाणं राहू देत नाही. एक तर त्याने आपल्या खाचरातून पाणी ओढ्याला जायची वाट दगड आणि चिखल लावून बंद केली. पाणी साचलं, पोटरीपर्यंत आलं. दुसरं म्हणजे त्याने शेणाच्या ढिगाला हात घातला. या भागात ते शेण म्हणजे घराची ठेव. वर्षभर साठवायचं, पावसाळ्याआधी पालापाचोळ्याबरोबर वाफ्यावर पसरून भाजायचं आणि त्या राखेत भाताचं बी पेरायचं. याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही. नवशाने पुढच्या वर्षाच्या राबाचं शेण, अठरा पाट्या, उभ्या भातात ओल्यानेच ओतलं. गुणाबाई माहेरी गेली होती ती संधी साधून.

चार दिवसांनी खाचर चुलीवरच्या आंबिलीसारखं खदखदू लागलं.

"मॅडम," नवशा जीपला आडवा गेला, "माज्यात बगा. माज्यात अनंतापेक्षा जास्त हाय."

कलावती मॅडमना पाणथळ खाचर हवंच होतं. वरच्या शेतातलं पाणी मधून मधून आटतं, खालच्यातलं आटत नाही, तेव्हा दोन्हीत फरक किती पडतो हे त्यांना बघायचं होतं. त्या हसून म्हणाल्या, "बरं झालं नवशाभाऊ, आम्ही विचारणारच होतो." पुढच्या आठवड्यापासून दुसरी एक पेटी नवशाच्या खाचरात. अनंता आपल्या बांधावर हात मागे बांधून उभा होता. नवशाने त्याला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं, "आवाज नको करूस, मोजणी चाललीय."

सोमा आकडे घेऊन आला तेव्हा त्याच्याच भुवया वर गेल्या होत्या. नवशाने विचारलं, "अनंताचा किती आणि माजा किती?"

"अनंताकाकांचा एक धरला, तर तुमचा पंधरा."

पंधरा! नवशाने देवळात नारळ फोडला. वाटेत भेटेल त्याला खोबऱ्याचा तुकडा आणि आकडा, दोन्ही दिलं. ओळखीच्या एका लूमवाल्या मोमीनशेठला भिवंडीला जाऊन सांगून आला, "सेठ, हमारे खेत में पंधरा पट गॅस है." सेठ म्हणाला, "अल्ला मुबारक करे." नवशाने तेही गावात येऊन सांगितलं.

भात मात्र पिवळं पडत चाललं होतं. कच्च्या शेणाने आणि कोंडलेल्या पाण्याने मुळं कुजली होती. गुणाबाई माहेराहून आली, तिने आधी शेणाची रिकामी जागा बघितली, मग खाचर बघितलं. "भाताची माती केलीत," ती म्हणाली. "कोनासाठी?" गॅस आला की तिला कळेल, असं नवशाने मनाशी ठरवलं. दसऱ्याला लोंब्या निघाल्या त्या निम्म्या पोचट.

कार्तिकात मॅडमनी शाळेच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. मोजणीत काय निघालं ते सांगायला. नवशा धुतलेलं धोतर नेसून पुढच्या ओळीत बसला. गुणाबाई बायकांत, अनंता खांबाला टेकून.

मॅडमनी फळ्यावर खडूने गोल काढले. म्हणाल्या, "ही एकेका देशाची भाकर समजा. देशातून जेवढा मिथेन वर जातो, ती आख्खी भाकर. त्यात शेतीचा आणि जनावरांचा वाटा किती, तेवढा मी रंगवते." पहिली भाकर तेलाच्या विहिरी असलेल्या देशाची. तिथे शेतीचा वाटा एवढासा, उंदराने कुरतडल्यासारखा. बाकी सगळा तेलाच्या विहिरींतून. दुसरी, कोळशाच्या खाणी आणि कचऱ्याचे डोंगर असलेल्या श्रीमंत देशाची. शेतीचा पाव तुकडा. तिसरी भाकर जवळजवळ सगळीच रंगली. "या देशात माणसांपेक्षा मेंढ्या जास्त. मेंढ्या-गाई रवंथ करताना ढेकर देतात, त्यातून हा गॅस जातो." बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग मॅडमनी आपल्या देशाची भाकर काढली आणि अर्ध्याहून जास्त रंगवली. "आपल्याकडे गुरं आणि भातशेती."

नवशाला राहवलं नाही. त्याने टाळ्या वाजवल्या. "तेलवाल्यांना हरवलं आपण!"

कुणी हसलं नाही, कारण निम्म्या गावाला तसंच वाटलं होतं. मॅडमनी खडू खाली ठेवला.

"नवशाभाऊ, हा गॅस वर जातो आणि पृथ्वी तापवतो. गोधडीसारखा पसरतो वर. कमी निघेल तेवढं चांगलं." मग त्यांनी सगळं सावकाश सांगितलं. वाटा मोठा म्हणजे पाप मोठं असं नाही; मोठ्या भाकरीचा पाव तुकडा लहान भाकरीच्या अर्ध्यापेक्षा जड भरतो. पण बाहेरच्या देशांतले लोक आपल्या भाताकडे बोट दाखवतात. त्यांनी आपली खाचरं बघितली नाहीत; त्यांच्याकडच्या बारमाही पाण्यातल्या शेताचा आकडा घेतला आणि आपल्या सगळ्या जमिनीने गुणला. "म्हणून आपण घरोघरच्या खाचरांत मोजतोय. अनंताभाऊंच्या शेतात अगदी थोडा गॅस निघाला. शेत उत्तम आहे." अनंताने खांबाला टेकलेली पाठ सरळ केली. "फक्त एक आकडा फार मोठा आलाय. खालच्या खाचराचा. तो धरला तर म्हणावं लागेल की इथली पाणथळ जमीनच खराब."

ओसरीवरचे सगळे डोळे नवशावर आले. गावभर खोबरं वाटलेला माणूस, तोंड कुठे लपवणार? कुणीतरी मागून म्हणालं, "पंधरा पट!" आणि हशा फुटला. अनंताही हसला. नवशाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उठून जावं, असं त्याला वाटलं. गेला असता तर कुणाला काही कळलं नसतं. खालची जमीन वाईट हे गावाला नवं नव्हतं. आजोबांच्या मुठीतला खडा वाईट होताच, आता सरकारी वहीत तसं लिहून निघालं असतं.

मॅडमनी वहीवर पेन टेकवलं. "मग लिहू ना, जमिनीचा दोष?"

आणि नवशाला बापाचा आवाज ऐकू आला. त्याच्या निम्मे गेलेल्या कानांनाही ऐकू आला.

"थांबा," तो उभा राहिला. "माती वाईट न्हाय मॅडम. मी शेन घातलं. अठरा पाट्या, कच्चं. पानी कोंडलं. मला वाटलं जास्त गॅस निगाला की योजना भेटते, चूल भेटते." त्याने अनंताकडे बघितलं, मग बघवेना म्हणून फळ्यावरच्या भाकरींकडे. "ह्याच्यापेक्षा माजं जास्त व्हावं म्हून केलं. मातीवर नका लिवू. वाईट मी हाय."

मॅडमनी वहीतल्या त्या आकड्यावर आडवी रेघ मारली. "पुढच्या वर्षी पुन्हा मोजू," त्या म्हणाल्या. "शेण न घालता." गुणाबाई बायकांतून उठून आली आणि सगळ्यांदेखत त्याच्या धोतराला लागलेली धूळ झटकत म्हणाली, "चला घरी." इतकी वर्षं गप्प राहिलेली बाई, पण त्या दोन शब्दांत राग नव्हता.

पुढच्या ज्येष्ठात नवशाकडे राबाला शेण नव्हतं. न भाजलेल्या वाफ्यात रोपं आली ती विरळ आणि लेकुरवाळ्या बाईच्या केसांसारखी विस्कटलेली. लावणीच्या दिवशी तो बांधावर डोकं धरून बसला असताना वरून अनंता आला. त्याच्या डोक्यावर रोपांच्या मुठींचा भारा, मागून त्याची बायको शेवंता, तिच्याही डोक्यावर भारा. जास्तीची रोपं शेजाऱ्याच्या खाचरात द्यायची ही तिकडची रीतच आहे, त्यात उपकार मानत नाहीत. पण नवशाचा जीव जळलाच. द्यायलाही यालाच मिळतं! घेताना त्याचे हात चिखलापेक्षा जड झाले होते. तरी घेतली, कारण शेत रिकामं ठेवणं त्याहून वाईट.

श्रावणात जीप आली. या खेपेला सोमाकडे एकच पेटी, दुसरी बिघडलेली. त्याने ती नवशाच्या खाचरात ठेवली. पाण्याची वाट आता मोकळी होती, भात हिरवंगार. फळीवर बसून सोमाने बाटल्या भरल्या. पुढल्या आठवड्यात आकडा सांगितला: "अनंताकाकांच्या गेल्या वर्षीपेक्षा जरासा जास्त. खालच्या जमिनीला इतका चालायचाच. उत्तम शेत, असं लिहिलंय मॅडमनी."

नवशाने तो शब्द दोनदा म्हणवून घेतला, कानाला हात लावून.

तेवढ्यात वरून आवाज आला. अनंता बांधावर उभा होता. "सोमा, माज्यात का नाय रं यंदा? रोप तर माजंच हाय त्यात." म्हणताना तो हसला, पण डोळे पेटीवरून हलत नव्हते. "न्हाय, म्हंजे, एकांदा दिवस ठेवलीस तर."

नवशाने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. हा आवाज त्याने कुठे ऐकला होता? मग कळलं. बाहेरून कधीच नाही. आतून, चाळीस वर्षं, रोज. अनंताला त्याचा हेवा वाटत होता. ज्या दिवसाची वाट बघण्यात अर्धा जन्म गेला, तो दिवस आला होता, पेटीसकट. नवशाने आनंदाची वाट बघितली. पण त्याला त्या दुखण्याची चव ठाऊक होती. कुठे सुरू होतं, रात्री कसं चढतं, घास कसा अडकतो. आनंद काही आला नाही. उलट अनंताची कीव आली.

"एकच पेटी हाय रं," तो म्हणाला.

"हां, हां. मी आपलं इचारलं." अनंता वळून जायला लागला. पाठीवरूनही त्याचं दुखणं कळत होतं.

नवशाने घसा खाकरला. हे वाक्य त्याच्या तोंडातून आजवर गेलं नव्हतं, म्हणून त्याला ते जुळवायला वेळ लागला. सोमा सुई हातात धरून बघत राहिला.

"अनंता," त्याने हाक मारली, "तुज्यात काय मोजायचं? तुजं शेत चांगलंच हाय. पयल्यापासून हाय."

अनंता थांबला, पण वळला नाही. मग तो बांध उतरून खाली आला आणि फळीच्या दुसऱ्या टोकाला, आवाज न करता, नवशाशेजारी बसला.